एका लक्षांशाचा इतिहास

आकाशात तारे आहेत, ताऱ्यांच्या दीर्घिका आहेत, दीर्घिकांचे समूह आहेत आणि त्या समूहांच्या दरम्यान कोट्यवधी प्रकाशवर्षे रुंदीच्या रित्या पोकळ्या आहेत. हे सारे असे विषम का, विश्वातील द्रव्य सर्वत्र सारख्या प्रमाणात पसरलेले का नाही, हा प्रश्न विचारावयास सोपा आणि सोडवावयास फार अवघड आहे. १६९२च्या डिसेंबरात रिचर्ड बेंटली या तरुण धर्मोपदेशकाने केलेल्या पृच्छेस उत्तर देताना न्यूटनने केंब्रिजहून जे पत्र धाडले, त्यात या प्रश्नाची पहिली शास्त्रीय मांडणी सापडते. अमर्याद अवकाशात द्रव्य सारखे पसरलेले असते तर गुरुत्वाकर्षणाच्या योगाने ते एकाच ठिकाणी गोळा न होता काही इथे, काही तिथे अशा असंख्य राशींच्या रूपाने गोळा झाले असते, आणि सूर्य व तारे असेच उत्पन्न झाले असावेत, असा त्याचा अभिप्राय होता. परंतु या अभिप्रायातच एक अडचण दडलेली आहे. द्रव्य जर खरोखरच तंतोतंत सारखे पसरलेले असेल तर प्रत्येक कणावर सर्व बाजूंनी सारखीच ओढ पडेल आणि कोणताच कण कोणत्याच दिशेस हलणार नाही. राशी बनण्यासाठी कोठेतरी प्रारंभीच किंचित अधिक आणि कोठेतरी किंचित उणे असले पाहिजे. हे अधिकउणे आले कोठून, याचे उत्तर न्यूटनपाशी नव्हते, आणि त्यानंतर जवळजवळ तीनशे वर्षे ते कोणापाशीच नव्हते.

मधल्या काळात प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मात्र उलगडत गेला. एकदा अधिकउणे निर्माण झाले की पुढे त्याचे काय होते, याचे गणित १९०२ साली जेम्स जीन्सने मांडले. वायूच्या एखाद्या विस्तृत राशीत घनता कोठे किंचित वाढली, तर वायूचा दाब ती पांगवू पाहतो आणि गुरुत्वाकर्षण ती आणखी दाट करू पाहते. राशी पुरेशी मोठी असेल तर दाब हरतो आणि दाटी झपाट्याने वाढत जाते. जीन्सचे हे विश्व स्थिर होते. विश्व प्रसरण पावत आहे हे सिद्ध झाल्यावर १९४६ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ येव्गेनी लिफ्शिट्झ याने तेच गणित प्रसरणशील विश्वासाठी नव्याने केले, तेव्हा निकाल पुष्कळच निराशाजनक निघाला. ज्या अवकाशात द्रव्य गोळा व्हावयाचे तेच अवकाश सतत ताणले जात असल्यामुळे दाटीची वाढ अतिशय मंदावते. स्थूलमानाने बोलावयाचे तर, द्रव्याचे प्राबल्य असलेल्या काळात विश्व जितके पट विस्तारते तितकेच पट त्याच्यातील अधिकउणे वाढते, त्याहून अधिक नाही. म्हणजे आज दीर्घिका दिसावयाच्या असतील तर प्रारंभीचे अधिकउणे नगण्य असून भागणार नाही. ते एका ठराविक मापाचेच असले पाहिजे.

ते माप प्रत्यक्ष पाहता येईल असे एक स्थान निसर्गाने सुदैवाने जतन करून ठेवले आहे. विश्व जन्मानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना त्याचे तापमान साधारण ३००० केल्व्हिनपर्यंत उतरले, मोकळे इलेक्ट्रॉन प्रोटॉनांशी जोडले जाऊन हायड्रोजनचे अणू बनले आणि तोवर इलेक्ट्रॉनांवर आपटत राहिलेला प्रकाश प्रथमच निर्वेधपणे प्रवासास निघाला. तोच प्रकाश आज विश्वाच्या विस्ताराने ताणला जाऊन, २.७२५ केल्व्हिन इतका थंड होऊन, सूक्ष्मतरंगांच्या रूपाने सर्व दिशांनी आपल्यापर्यंत येतो. न्यू जर्सीतील होल्मडेल येथे आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांना तो १९६४-६५ साली अनपेक्षितपणे गवसला, आणि त्यानंतरची पंचवीसहून अधिक वर्षे ज्याने त्याने आपापल्या उपकरणाने त्यातील अधिकउणे शोधण्याचा यत्न केला. पण कोठेही पाहावे तो तापमान तेच. १९८९च्या नोव्हेंबरात सोडलेल्या कोबे या उपग्रहाच्या मोजण्यांतून ते अखेर हाती आले आणि १९९२च्या एप्रिलमध्ये जाहीर झाले. या दिशेकडून त्या दिशेकडे पाहता तापमानात पडणारा, आणि त्यावरून घनतेतील अधिकउण्याचे माप सांगणारा, फरक सुमारे एक लक्षांश होता. लाखात एक, इतक्याच विषमतेतून पुढे आकाशगंगा, सूर्य, पृथ्वी आणि आपण निर्माण झालो आहोत.

आता लिफ्शिट्झच्या नियमाने हिशेब करून पाहावा. तो प्रकाश सुटला तेव्हापासून आजवर विश्व सुमारे अकराशे पट विस्तारले आहे. एक लक्षांशाची अकराशे पट म्हणजे एक टक्क्याच्या आसपास. एक टक्का अधिक घनतेची जागा म्हणजे दीर्घिका नव्हे. दीर्घिकेची घनता विश्वाच्या सरासरीच्या लक्षावधी पट असते. जमाखर्च जुळत नाही. या तुटीची भरपाई करणारे द्रव्य खगोलशास्त्रज्ञांनी दीर्घिकांच्या परिभ्रमणातून आधीच अनुमानले होते. ते प्रकाश देत नाही, घेत नाही, अडवीत नाही, आणि साध्या द्रव्याच्या पाचपटीहून अधिक प्रमाणात ते विश्वात आहे. त्यास कृष्णद्रव्य म्हणतात. साधे द्रव्य प्रकाशाच्या दाबाखाली जखडलेले असल्यामुळे ३ लाख ८० हजार वर्षे त्यास गोळा होता आले नाही. कृष्णद्रव्याशी प्रकाशाचा काहीच संबंध नसल्यामुळे ते पहिल्या पन्नासएक हजार वर्षांनंतरच गोळा होऊ लागले होते. प्रकाशाच्या दाबातून सुटका होताच साधा वायू या आयत्या तयार झालेल्या खळग्यांत ओढला गेला. कृष्णद्रव्याचा कण प्रयोगशाळेत अद्याप कोणास सापडलेला नाही हे खरे. पण ते नसते तर दीर्घिका घडण्यास आजवरचा काळ पुरला नसता हा युक्तिवाद मला त्याच्या अस्तित्वाच्या सर्व पुराव्यांत सर्वाधिक बळकट वाटतो, कारण तो एखाद्या विवक्षित दीर्घिकेच्या निरीक्षणावर नव्हे, तर सगळ्या आकाशाच्या हिशेबावर उभा आहे.

येथवरची हकीकत बहुतांशी बिनतक्रार मान्य झालेली आहे. परंतु मूळचा प्रश्न तसाच राहिला: तो लक्षांश आला कोठून? आणि त्याच्या जोडीला दुसरा, त्याच्याइतकाच अवघड प्रश्न उभा राहतो, की विषमता एवढी थोडी का? तो प्राचीन प्रकाश सुटला तोवर प्रकाशाच्या वेगाने गेलेला निरोपही जितके अंतर कापू शकला असता, ते अंतर आजच्या आकाशात साधारण एक-दोन अंशांचे, म्हणजे दोनचार पौर्णिमेचे चंद्र शेजारीशेजारी मांडावेत इतकेच, भरते. त्याहून दूरच्या दोन जागांचा त्या वेळेपर्यंत परस्परांशी कसलाही संबंध आलेला नसणार. आणि तरीही पूर्वेकडील आकाश आणि पश्चिमेकडील आकाश एकाच तापमानाचे आहे, फरक आहे तो फक्त लाखात एक. ज्यांची कधी गाठ पडली नाही त्यांच्यात इतके एकमत कसे व्हावे? विषमतेचे कारण शोधणारास आधी समतेचे कारण द्यावे लागते, हा या शास्त्राचा विलक्षण भाग आहे. आणि दोहोंचे कारण आज एकाच कल्पनेत शोधले जाते. ती कल्पना म्हणजे अदिश क्षेत्र.

अवकाशाच्या प्रत्येक बिंदूशी एखादी राशी निगडित असेल तर त्यास भौतिकशास्त्रात क्षेत्र म्हणतात. महाराष्ट्राच्या नकाशावर एका विशिष्ट क्षणी प्रत्येक गावचे तापमान लिहीत गेले, नागपुरास इतके, महाबळेश्वरास इतके, रत्नागिरीस इतके, तर जे तयार होईल ते अदिश क्षेत्र होय, कारण प्रत्येक ठिकाणी एक आकडा दिला की काम भागते. वाऱ्याचे तसे नाही; तेथे वेगासमवेत दिशाही सांगावी लागते, म्हणून ते सदिश क्षेत्र. तापमान हे हवेच्या कणांच्या हालचालींचे सरासरी माप आहे, मूलभूत वस्तू नव्हे. पण निसर्गात काही मूलभूत अदिश क्षेत्रेही असावीत आणि ती रित्या अवकाशातही नांदत असावीत, असे कणभौतिकीने गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मानण्यास प्रारंभ केला. त्यांपैकी एकाचा कण, हिग्ज बोसॉन, जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सापडल्याचे ४ जुलै २०१२ रोजी जाहीर झाले. त्या दिवसापर्यंत मूलभूत अदिश क्षेत्राचे एकही उदाहरण प्रयोगाने सिद्ध झालेले नव्हते. विश्वरचनाशास्त्रास अदिश क्षेत्राचेच आकर्षण का, याचे कारणही दिशेतच आहे. सदिश क्षेत्र अवकाशभर पसरले तर ते एखाद्या दिशेस झुकते माप देईल, आणि मग आकाश सर्व बाजूंनी सारखे दिसणार नाही. अदिश क्षेत्र अवकाश भरून टाकते आणि तरीही कोणत्याही दिशेचा पक्षपात करीत नाही.

अशा क्षेत्रात ऊर्जा साठलेली असते, आणि ते क्षेत्र सर्वत्र सारखे व जवळजवळ स्थिर असेल तर त्या ऊर्जेचा एक गुण साध्या द्रव्याच्या अगदी उलट असतो. वायूने भरलेली जागा विस्तारली की वायू विरळ होतो. अदिश क्षेत्राने भरलेली जागा विस्तारली तरी प्रत्येक घनमीटरातील ऊर्जा जवळपास तेवढीच राहते. याचाच अर्थ असा, की त्या क्षेत्राचा दाब ऋण आहे. आइन्स्टाइनच्या व्यापक सापेक्षतावादात गुरुत्वाकर्षण केवळ ऊर्जेमुळे निर्माण होत नाही, दाबामुळेही होते, आणि दाब पुरेसा ऋण असला तर गुरुत्वाकर्षण ओढण्याऐवजी ढकलू लागते. मग विश्वाचा विस्तार चक्रवाढीने होतो: ठराविक काळात दुप्पट, पुढच्या तेवढ्याच काळात चौपट, त्याच्या पुढच्या काळात आठपट.

येथे एका मराठी शास्त्रज्ञाचे नाव येणे क्रमप्राप्त आहे, आणि ते केवळ आपलेपणाने घेतलेले नव्हे. कोल्हापुरात जन्मलेले आणि केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली संशोधन केलेले जयंत नारळीकर यांनी १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धात आपल्या गुरूंसह स्थिर स्थितीच्या विश्वाची जी गणिती उभारणी केली, तिच्या मध्यभागी सी-क्षेत्र नावाचे एक अदिश क्षेत्रच होते. विश्व विस्तारत असताना त्याची घनता कायम राहावी म्हणून नवे द्रव्य सतत उत्पन्न होत असले पाहिजे, आणि त्या उत्पत्तीचा ऊर्जेचा ताळेबंद जमावा म्हणून ऋण ऊर्जेचे हे क्षेत्र योजले होते. त्या विश्वाचा विस्तारही चक्रवाढीचाच होता. आणि अशा विस्तारात प्रारंभीची कोणतीही विषमता काळाच्या ओघात पुसून जाते, हे हॉइल आणि नारळीकर यांनी १९६३च्या एका निबंधात दाखवून दिले. स्थिर स्थितीचा सिद्धांत होल्मडेलच्या शोधानंतर बहुतेक शास्त्रज्ञांनी सोडून दिला. नारळीकरांनी मात्र महास्फोटाची कल्पना शेवटपर्यंत स्वीकारली नाही. १९९३ साली हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी आपला सिद्धांत सुधारून पुन्हा मांडला आणि त्यातही सी-क्षेत्र होतेच. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या निष्कर्षाशी असहमत असूनही मला असे म्हणावेसे वाटते, की चक्रवाढीने विस्तारणारे, अदिश क्षेत्राच्या बळावर चालणारे आणि आपला पूर्वेतिहास विसरून जाणारे विश्व ही कल्पना प्रचलित सिद्धांतात अवतरण्यापूर्वी जवळजवळ वीस वर्षे त्यांच्या लेखणीतून उतरलेली होती, आणि तिचा उल्लेख इंग्रजी इतिहासग्रंथांत व्हावा तितका होत नाही.

ती कल्पना दुसऱ्या वाटेने परत आली. मॉस्कोत अलेक्सेई स्टारोबिन्स्की गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणांत पुंजयामिकीच्या (क्वांटम मेकॅनिक्सच्या) दुरुस्त्या करीत असताना, आणि कॅलिफोर्नियात ॲलन गथ हा कणभौतिकीतील तरुण संशोधक चुंबकीय एकध्रुव, म्हणजे चुंबकाचा एकच ध्रुव असलेले कल्पित कण, विश्वात का दिसत नाहीत याचा विचार करीत असताना, १९७९-८०च्या सुमारास दोघेही स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोहोचले: विश्वाच्या आरंभीच्या क्षणांशाच्या अत्यल्प भागात चक्रवाढीचा विस्तार झाला असावा. या टप्प्यास स्फीती म्हणतात. तिच्या अवधीत अंतरे किमान एकावर सव्वीस शून्ये इतक्या पटीने वाढली असे धरले, तर आज परस्परांपासून अतिदूर दिसणाऱ्या जागा पूर्वी एकाच चिमुकल्या प्रदेशाचे भाग होत्या असे निघते, आणि त्यांच्या एकमताचे कोडे सुटते. गथच्या १९८१च्या मूळ योजनेत एक दोष होता, तो त्याने स्वतःच त्याच निबंधात कबूल केला होता: स्फीती सुरू तर होई, पण नीटपणे संपत नसे. १९८२ साली आंद्रेई लिंडे यांनी, आणि स्वतंत्रपणे अँड्रियास अल्ब्रेख्ट व पॉल स्टाइनहार्ट यांनी, तो दूर केला. अदिश क्षेत्राची ऊर्जा त्या क्षेत्राच्या किमतीवर अवलंबून असते. हा आलेख एखाद्या लांबलचक सौम्य उतारासारखा मानला, तर क्षेत्र त्या उतारावरून हळूहळू खाली सरकते. हळूहळू अशासाठी, की विश्वाचा विस्तारच त्यास घर्षणासारखा अडवतो. काकवीत बुडालेली गोटी उतारावरून सरकावी तशी त्याची गती राहते. उतार संपतो तेथे स्फीतीही संपते, क्षेत्राची ऊर्जा कणांत आणि उष्णतेत रूपांतरित होते, आणि ज्यास आपण महास्फोटाचे तप्त विश्व म्हणतो ते तेथून पुढे सुरू होते.

या क्षेत्राने समता तर आणली. विषमता कशी आणली? हा भाग मला या साऱ्या प्रकरणातील सर्वांत सुंदर भाग वाटतो, म्हणून तो किंचित सावकाश सांगतो. पुंजयामिकीच्या नियमानुसार कोणतेही क्षेत्र पूर्णपणे शांत राहू शकत नाही. त्याची किंमत आणि त्या किमतीच्या बदलाचा वेग या दोन्ही गोष्टी एकाच वेळी निश्चित असू शकत नाहीत. म्हणून अवकाशाच्या अगदी रित्या भागातही क्षेत्र सर्व लांबींच्या तरंगांच्या रूपाने कायम किंचित थरथरत असते. एरवी ही थरथर उठते आणि विरते, तिची कोठे नोंद राहत नाही. स्फीतीच्या काळात मात्र अवकाश इतक्या त्वरेने ताणले जाते, की अणुगर्भाहूनही कितीतरी लहान असा तरंग उठताक्षणीच ताणला जाऊन, त्याचे एक टोक दुसऱ्या टोकाशी संपर्क ठेवू शकणार नाही इतका लांब होतो. मग त्यास विरता येत नाही, तो आहे त्या स्थितीत गोठतो. परिणामी क्षेत्र कोठे उतारावर किंचित मागे राहते, कोठे किंचित पुढे जाते. जेथे ते मागे राहिले तेथे स्फीती किंचित उशिरा संपली, जेथे पुढे गेले तेथे किंचित लवकर. जेथे ती लवकर संपली तेथील ऊर्जा आधी उष्णतेत उतरली आणि आधीच विरळ होऊ लागली. जेथे उशिरा संपली तेथील घनता तुलनेने अधिक राहिली. या वेळेच्या फरकालाच आपण पुढे घनतेतील अधिकउणे म्हणून पाहतो.

हे गणित प्रथम केले ते मॉस्कोच्या लेबेदेव्ह संस्थेतील व्याचेस्लाव मुखानोव्ह आणि गेन्नादी चिबिसोव्ह यांनी, १९८१ साली. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनी ते पुढल्या वर्षी स्वतंत्रपणे केले, आणि त्यासाठी निमित्त झाले १९८२च्या जून-जुलैत केंब्रिज येथे भरलेल्या तीन आठवड्यांच्या कार्यसत्राचे. स्टीफन हॉकिंग हे त्याच्या आयोजकांपैकी एक. स्टारोबिन्स्की, गथ, लिंडे, जेम्स बार्डीन, स्टाइनहार्ट, मायकेल टर्नर ही मंडळी तेथे जमलेली. प्रत्येकाची पद्धत निराळी, आणि प्रारंभी कोणाच्या आकड्याचा कोणाच्या आकड्याशी मेळ बसेना. दिवसभर व्याख्याने, व्याख्यानांच्या मधल्या वेळेत फळ्यावरची वादावादी, रात्री पुन्हा गणित, असे करीत सत्र संपण्याच्या सुमारास चार निरनिराळ्या मार्गांनी निघालेली उत्तरे एकमेकांशी जुळली. पण त्या जुळलेल्या उत्तराने सर्वांचीच निराशा केली: त्या वेळी ज्या अदिश क्षेत्रावर सगळ्यांचा भर होता, ते घेतले तर अधिकउणे प्रत्यक्षाहून कितीतरी पट मोठे निघत होते. क्षेत्र बदलावे लागणार, उतार अधिक सौम्य घ्यावा लागणार, हे स्पष्ट झाले. पद्धत मात्र कायम राहिली आणि आजतागायत तीच वापरली जाते. स्वतःच्या लाडक्या प्रतिकृतीविरुद्ध निकाल देणारे गणित इतक्या लोकांनी एकमताने स्वीकारावे, यातच त्या गणिताची विश्वासार्हता आहे.

या कल्पनेने केलेली भाकिते तपासून पाहण्याजोगी होती, हे तिचे मोठे सामर्थ्य. अधिकउण्याचे माप सर्व लांबींवर जवळपास सारखे असावे, असे एडवर्ड हॅरिसन आणि याकोव्ह झेल्डोविच यांनी १९७०च्या आगेमागे निराळ्या कारणांसाठी सुचविलेच होते. अगदी सारखे असेल तर त्याचा निर्देशांक एक येतो. स्फीती मात्र म्हणते, की क्षेत्र उतारावरून सरकत असताना त्याची ऊर्जा किंचित घटत जाते, म्हणून मागाहून गोठलेले आखूड तरंग आधी गोठलेल्या लांब तरंगांपेक्षा किंचित दुबळे असले पाहिजेत आणि निर्देशांक एकाहून थोडा कमी भरला पाहिजे. २००९ साली सोडलेल्या युरोपीय प्लांक उपग्रहाच्या अखेरच्या हिशेबात तो ०.९६५ भरला, आणि त्यातील अनिश्चितता ०.००४ इतकीच होती. एक आणि ०.९६५ यांतील फरक क्षुल्लक वाटेल. परंतु तो मोजणीच्या अनिश्चिततेच्या आठपटीहून अधिक आहे. चिलीतील अटाकामा दुर्बिणीच्या २०२५च्या निष्कर्षांनी इतर मोजण्यांच्या जोडीने हा आकडा ०.९७४पर्यंत वर सरकवला. एकाच्या खालीच तो राहिला.

दुसरी साक्ष मला याहूनही महत्त्वाची वाटते. प्रकाशाच्या दाबाने भारलेल्या त्या आद्य वायूत गुरुत्वाकर्षण आत ओढी आणि दाब बाहेर ढकली, त्यामुळे ध्वनीसारखी आंदोलने उठत. ही आंदोलने ठिकठिकाणी निरनिराळ्या वेळी सुरू झाली असती तर त्यांची सरमिसळ होऊन आकाशात काहीच ठसा राहिला नसता. पण अंटार्क्टिकावर उडविलेल्या बुमरँग या फुग्यावरील उपकरणाने, आणि त्यापाठोपाठ २००१ साली सोडलेल्या डब्ल्यूमॅप उपग्रहाने, आकाशात सुमारे एक अंशाच्या मापावर स्पष्ट उंचवटा आणि त्यापुढे क्रमाने दुसरे, तिसरे उंचवटे दाखविले. याचा अर्थ सगळी आंदोलने जणू एकाच ठोक्यावर सुरू झालेली होती. ज्या यंत्रणा विषमता काळाच्या ओघात हळूहळू निर्माण करतात त्यांना हे साधत नाही. विषमता आधीच, सर्वत्र, गोठून तयार असेल तरच साधते. त्या ध्वनीने कापलेले अंतर आजच्या मापाने सुमारे ५० कोटी प्रकाशवर्षे होते, आणि २००५ साली स्लोन या आकाश-सर्वेक्षणातील दीर्घिकांची परस्परांतील अंतरे तपासली असता दोन दीर्घिका नेमक्या तेवढ्या अंतरावर असण्याचे प्रमाण थोडे अधिक आढळले.

दीर्घिकांच्या जाळ्यातील सर्वांत मोठ्या गाठींपैकी एक पुण्याच्या शास्त्रज्ञांना सापडलेली आहे. गणेशखिंडीजवळच्या विद्यापीठ परिसरातील आयुका, पाषाणची आयसर आणि अन्य दोन संस्था यांच्या संशोधकांनी त्याच स्लोन सर्वेक्षणाचे आकडे चाळून २०१७ साली मीन राशीच्या दिशेस, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, दीर्घिकासमूहांचा एक महासमूह शोधून काढला आणि त्यास सरस्वती असे नाव दिले. त्याचा विस्तार ६० कोटी प्रकाशवर्षांच्या घरात आहे आणि वस्तुमान सूर्याच्या दोनावर सोळा शून्ये इतके पट. एवढी प्रचंड वस्तू इतक्या जुन्या काळी तयार होऊ शकते काय, हा प्रश्न तिच्या शोधकांनी स्वतःच उपस्थित केला. लक्षांशापासून निघून तेथवर येण्यास विश्वास जेमतेम हजार कोटी वर्षे मिळाली होती. त्याच आयुकात अनेक वर्षे काम केलेल्या थानू पद्मनाभन यांचा १९९३चा विश्वातील संरचनांच्या घडणीवरील इंग्रजी ग्रंथ या विषयाच्या अभ्यासकांच्या हाती आजही असतो. हा विषय पुण्याच्या दारात आहे, दूर कोठेतरी नाही, हे मराठी विद्यार्थ्यांच्या कानी घातले पाहिजे.

आता फिर्यादीची दुसरी बाजू. ज्या अदिश क्षेत्रावर हा सारा डोलारा उभा आहे ते कोणते, त्याचा कण कोणता, हे ठरलेले नाही. हिग्ज क्षेत्रच ते असावे असे काही जण मानतात. त्यासाठी त्या क्षेत्राचा गुरुत्वाकर्षणाशी एक विशेष प्रकारचा संबंध गृहीत धरावा लागतो. ज्यांनी हा सिद्धांत उभारण्यास हातभार लावला ते स्टाइनहार्टच पुढे त्याचे कडवे टीकाकार बनले. क्षेत्राचा उतार हवा तसा निवडण्याची मुभा असेल तर सिद्धांत कोणतेही निरीक्षण पचवू शकेल, असा त्यांचा आक्षेप आहे आणि तो गंभीरपणे घेण्याजोगा आहे. मी स्वतः असे मानतो, की लक्षांशापासून दीर्घिकांपर्यंतचा इतिहास मूळ दस्तऐवजांनिशी सिद्ध झालेला आहे, आणि अदिश क्षेत्रापासून लक्षांशापर्यंतचा इतिहास अनुमानाने, परंतु अतिशय भक्कम अनुमानाने, मांडलेला आहे. दोहोंस एकाच श्रेणीचे प्रामाण्य देणे योग्य नव्हे, आणि दुसऱ्यास केवळ तर्कट म्हणून बाजूस सारणेही योग्य नव्हे.

अनुमानास दस्तऐवजाचे बळ देऊ शकेल अशी एक साक्ष अजून यावयाची आहे. स्फीतीच्या काळात केवळ अदिश क्षेत्र थरथरले नाही, अवकाशाची वक्रताही थरथरली. त्या थरथरीतून गुरुत्वतरंग निघाले असले पाहिजेत, आणि त्यांनी आद्य प्रकाशाच्या ध्रुवणावर, म्हणजे त्याच्या तरंगांच्या कंपनदिशेवर, विशिष्ट पिळाचा ठसा उमटविला असला पाहिजे. १७ मार्च २०१४ रोजी दक्षिण ध्रुवावरील बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने तो ठसा सापडल्याचे जाहीर केले आणि जगभर आनंद व्यक्त झाला. पण प्लांकच्या नकाशांशी रुजवात घातल्यावर, आकाशगंगेतील धुळीनेही तसाच ठसा उमटतो आणि दिसलेला ठसा तिच्यामुळेच पडल्याचे स्पष्टीकरण पुरते, हे वर्षभराच्या आत दोन्ही गटांनी मिळून मान्य केले. त्याच ठिकाणच्या सुधारलेल्या उपकरणांनी २०२१ साली घातलेल्या मर्यादेनुसार गुरुत्वतरंगांचे माप घनतेच्या अधिकउण्याच्या तुलनेत ०.०३६ पेक्षा कमी आहे. एवढ्यानेच कित्येक उतार बाद झाले आहेत, आणि त्यांत पाठ्यपुस्तकांतून उदाहरणादाखल दिले जाणारे सर्वांत सोपे उतारही आहेत. स्टारोबिन्स्कीची १९८०ची मूळ योजना, जी गणिती रूपांतराने अदिश क्षेत्राचीच योजना ठरते, या मर्यादेत सहज बसते. तिचे भाकीत ०.००३ ते ०.००४ इतके आहे. निर्देशांकाची २०२५ची वर सरकलेली किंमत तिला किंचित गैरसोयीची आहे, पण निवाडा त्यावर होणार नाही. दक्षिण ध्रुवावरील आणि अटाकामा वाळवंटातील दुर्बिणी आता ०.००३च्या दिशेने मोजणी नेत आहेत. तेथे काही आढळले, तर जिनिव्हाच्या यंत्रात कणांच्या टकरीतून मिळते त्याच्या जवळजवळ लक्ष कोटी पट ऊर्जेवर, विश्वाच्या पहिल्या क्षणांशात, एका अदिश क्षेत्राचा अंमल होता याची थेट खूण हाती येईल, आणि त्याचा उतार केवढा होता हेही सांगता येईल. काहीच आढळले नाही, तर स्टारोबिन्स्कीचीही योजना बाद होईल आणि याहून सौम्य उतारांचा किंवा स्फीतीखेरीज दुसऱ्या कारणाचा शोध घ्यावा लागेल.